पडदे ओढून केलेली संध्याकाळ

मे महिना उतरणीला लागला की आमच्याकडची संध्याकाळ फार थोडा वेळ टिकते. दिवसभर तापलेला कातळ प्यायलेलं ऊन परत सोडत असतो, आढीत घातलेल्या आंब्यांचा वास माजघर ओलांडून पडवीत आलेला असतो, पश्चिमेला मळभ धरलेलं असतं, आणि भाट्याच्या खाडीच्या मुखाशी सूर्य एकदा पाण्याला टेकला की मग तो कुणासाठी थांबत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, धुपाटण्यात करवंटीचे निखारे घेऊन खळ्यातून आत येतात, वर धूप टाकतात आणि त्या धुरातूनच हाक मारतात, "गो मुगू, दिवा."

मुगू म्हणजे माझी मुलगी मुग्धा. सात वर्षांची आहे. ती पाय धुऊन येते, देवापाशी दिवा लावते आणि मोठ्या भावाबरोबर, पार्थबरोबर, हात जोडून शुभंकरोती म्हणते. दिवा लागल्याशिवाय आमच्या घरात कुणी जेवत नाही. हे सगळं इतकं रोजचं आहे की त्यात बघण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. यंदा मात्र खाडीवर सूर्य बुडताना मी हातातलं काम ठेवून बघत बसतो. तो बुडतो, याचंच नवल वाटतं. कारण गेल्या उन्हाळ्यात मी मुलांना घेऊन अशा गावी राहून आलो, जिथे तो बुडायलाच तयार नव्हता.

ते गाव स्कॉटलंडच्या उत्तरेला, समुद्रकाठी. माझी बायको वैशाली तिथल्या रुग्णालयात नर्स आहे. ती गेली तेव्हा मुग्धा अजून बोबडं बोलत होती. ठरलं होतं ते असं, की वैशालीने पुढे जायचं, जम बसवायचा, आणि आम्ही मागून जायचं. ती गेली, तिचा जम बसला, आणि आमचं मागून जाणं मात्र राहूनच गेलं. कधी आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कधी पार्थची शाळा, कधी माझी नोकरी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. हातातली कायम नोकरी सोडून परक्या मुलखात जायला मी धजत नव्हतो. दर वर्षी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. वैशाली दर वर्षी महिनाभर येऊन जाई आणि तीही हळूहळू विचारायची थांबली होती.

तिचं विचारणं थांबलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी इथे लिहितो आहे. बरं वाटत नाही लिहायला. पण त्या काळात मी मुग्धाच्या वेण्या घालायला शिकलो होतो. तिला ताप आला की कपाळावर कुणाचा हात हवा, भाकरीचा पापुद्रा कुणी काढून द्यायचा, हे ठरून गेलं होतं. व्हिडिओ कॉलवर वैशाली तिला काही विचारायची, मुग्धा माझ्याकडे बघायची, आणि उत्तर मीच देऊन टाकायचो. मूल लाजतंय, असं मी म्हणायचो. खरं म्हणजे मधे बसायची मला सवय झाली होती, आणि त्या सवयीत सुख होतं.

मग गेल्या वर्षी वैशालीने एका कॉलवर, पार्थच्या निकालाचं बोलणं चालू असताना, मधेच सांगितलं, की या सुट्टीत मुलांना घेऊन या, चांगले दोन महिने राहायला या. आणि म्हणाली, "मुगूला मी आता नाही मिळाले, तर पुढे मिळणार नाही."

या वाक्यानंतर पुढच्या वर्षी म्हणणं मला शक्य नव्हतं.

निघताना आप्पांनी बॅगेत निरांजन घातलं, वाती घातल्या, धुपाच्या कांड्यांचं पुडकं घातलं. कोकमं आणि आंब्याची साठं तर होतीच. मला म्हणाले, तिकडे करवंटीचे निखारे कुठले मिळायला, या कांड्या लाव. तिन्हीसांजेला घर काळोखात ठेवू नको. त्यांना काय माहीत, आणि मला तरी काय माहीत.

विमानतळावर वैशाली उभी होती. पार्थ सरळ जाऊन तिच्या पोटाला बिलगला. तो मोठा, त्याला ती घरात रोज होती तेव्हाची आठवत होती. मुग्धा माझा शर्ट धरून उभी राहिली. वैशालीने तिला पाण्याची बाटली दिली तेव्हा ती नीट दोन्ही हातांनी घेऊन म्हणाली, थँक्यू. शाळेत पाहुणे आले की मुलं म्हणतात तसं. वैशाली हसली. तिने ते हसू किती वेळ धरून ठेवलं ते मी बाजूने बघत होतो.

पुढचा सगळा रस्ता तिने गाडी चालवली. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या चौकात स्कूटर घालायला घाबरणारी ही बाई, माझ्या शेजारी बसून, डोंगरांच्या मधून चाललेल्या त्या लांबलचक रस्त्यावर एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसऱ्या हाताने मागे मुलांना चिक्की देत होती. डोंगरावर झाड म्हणून नव्हतं. नुसतं गवत, मेंढ्या आणि दगडांचे गडगे, अगदी आपल्याकडच्यासारखे रचलेले, फक्त दगड काळा. मी खिडकीबाहेर बघावं की तिच्याकडे, मला कळत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा घड्याळात जेवणाची वेळ होऊन गेली होती आणि इमारतीपुढच्या हिरवळीवर लख्ख ऊन पडलं होतं.

तो उजेड मी कसा सांगू? आपल्याकडचं ऊन वरून पडतं. तिथलं ऊन आडवं येतं, खिडकीतून शिरून भिंतीवर बसतं आणि तासन्‌तास हलत नाही. सावल्या माणसापेक्षा लांब. सूर्य मावळतीला जातो जातो म्हणता उत्तरेकडे सरकत राहतो, आणि कधीतरी आपण झोपलो की मग टेकतो. तो टेकला तरी आकाश काळं होत नाही, निळसर राहतं. पार्थने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की इथला सूर्य चुकीच्या दिशेला जातो. भूगोल मीच त्याला शिकवलेला. पृथ्वीचा आस कललेला असतो हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण त्या खिडकीत उभं राहून बघेपर्यंत ते वाक्य खरं आहे असं माझ्या अंगाला कधी कळलंच नव्हतं. एवढी मोठी पृथ्वी खरोखर कलते, आणि तिच्या कलण्याचा उजेड माझ्या मुलांच्या ताटात पडतो.

अडचण झाली ती दिव्याची. पहिले काही दिवस आम्ही आप्पांना फोन लावत असू; त्यांच्याकडे तिन्हीसांज, आमच्याकडे भर दुपार. ते तिकडे दिवा लावत, आम्ही इकडे. मग आप्पांनीच मोडता घातला. म्हणाले, "माझ्या सूर्यावर तुझा दिवा कसा लागेल गो? तू तुझा सूर्य बघ." मुग्धाने ते शब्दशः घेतलं. खिडकीशी खुर्ची ओढून ती सूर्य बुडायची वाट बघत बसू लागली, आणि दिव्याआधी जेवायचं नाही हा नियम तिला पाठ. मी समजावलं, वैशालीने समजावलं. खुर्चीतच तिला झोप लागायची आणि आम्ही तिला पेंगत्या तोंडात भात भरवायचो.

शेवटी तोड काढली पार्थने. जाड पडदे ओढून घेतले की झाली तिन्हीसांज. एवढं साधं. मग रोज संध्याकाळी जेवणापूर्वी दोघं भावंडं घरभर पडदे ओढत फिरायची, एकेक खोली काळोखी करायची. त्या काळोखात मुग्धा दिवा लावायची, दोघं शुभंकरोती म्हणायची, मग पार्थ जाऊन पडदे सारायचा, आणि सूर्य आपला तिथेच, जिथे सोडला होता तिथे, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. दोघं हसत सुटायची. मीही हसायचो. पण निरांजनाच्या त्या उजेडात दोन चेहरे दिसायचे, बाहेर एवढं ऊन असताना हाताने केलेली ती इवलीशी रात्र, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. देवापुढे असं काही मला क्वचितच वाटलं आहे.

वैशालीची कामाची पाळी बहुधा दिवसभराची असे. ती आली की पडदे उघडलेले, ताटं मांडलेली. म्हणजे आमची संध्याकाळ तिच्याशिवाय होऊन जायची. हे माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणणं सोपं आहे. लक्षात आलं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती मुग्धाला जवळ घेऊन बसायची, कंगवा हातात. मुग्धा उठून माझ्याकडे यायची. "बाबा घालतात," एवढंच म्हणायची, तक्रार नाही, रडणं नाही. आणि मी मांडी घालून बसायचो, तिचे केस विभागायचो, आणि माझ्या बोटांना जो आनंद व्हायचा त्याची मला आजही लाज वाटते. वैशाली भांडी आवरायला उठायची.

एका रविवारी आम्ही बंदरावर गेलो होतो. बंदर म्हणजे आपल्या रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या मानाने शांतच, पण जाळ्यांचा, डिझेलचा आणि मासळीचा वास तोच, डोळे मिटले तर फरक कळू नये. धक्क्यावर पार्थ आणि मुग्धा खेकडे पकडायचे पिंजरे बघत होती. जाणारी येणारी माणसं वैशालीला थांबवून बोलत होती. एका म्हाताऱ्याने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याच्या बायकोच्या शेवटच्या दिवसांत वैशाली तिच्याजवळ होती. त्यांची बोली मला निम्मी कळत नव्हती. वैशाली त्याच बोलीत उत्तर देत होती. माझ्याशी लग्न झालेल्या या बाईला एक अख्खं गाव ओळखत होतं, आणि त्या गावात मी तिचा नवरा म्हणून नवा होतो. मला तिचा अभिमान वाटला, आणि भीतीही. डोंगराच्या पायथ्याशी वाटते तशी.

म्हातारा गेल्यावर ती धक्क्याच्या भिंतीवर बसली. मुलांकडे बघत म्हणाली, "तुम्ही तिला माझ्याकडे ढकलू नका. मी तशी घेणार नाही. पण धरूनही ठेवू नका." मी म्हटलं, मी कुठे धरलंय. ती म्हणाली, "वेण्या फार सुंदर घालता." आणि हसली. खरंच हसली, टोमणा मारून झाल्यावर हसायची तिची जुनी सवय. समोर सील नावाचा प्राणी पाण्यातून डोकं वर काढून आमच्याकडे बघत होता, आपल्याकडे म्हैस डबक्यातून बघते तसा, आणि मुलं आनंदाने ओरडत होती.

त्यानंतर एकदा तिने आम्हाला समुद्रात उभ्या तुटलेल्या कड्यावर नेलं. कडा दिसायच्या आधी ऐकू आला. हजारो पक्षी, प्रत्येक कपारीत, एकाच्या अंगाला एक. वैशालीने सांगितलं की हे वर्षभर भर समुद्रात असतात, जमिनीला पायही लावत नाहीत. फक्त उन्हाळ्यात पिल्लांसाठी इथे येतात. मुग्धाने विचारलं, एवढ्यांत त्यांना आपलं पिल्लू कसं सापडतं. विचारलं माझ्याकडे बघून. मी रोजच्या सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. मला ठाऊकच नव्हतं. मुग्धा थांबली, मग पहिल्यांदाच तिने मान वळवून तोच प्रश्न आईला विचारला. वैशाली म्हणाली, आवाजावरून. एवढ्या कल्लोळात? मुग्धा म्हणाली. एवढ्या कल्लोळात, वैशाली म्हणाली. वारा इतका होता की आम्ही चौघं एकमेकांना धरूनच उभे होतो. कुणी कुणाला धरलंय ते सांगता आलं नसतं.

आता त्या संध्याकाळचं सांगतो. मुग्धाच्या मनात आलं की नुसता दिवा पुरे नाही. आप्पा धूप घालतात, आपण का नाही. मी कांड्यांचं पुडकं काढलं. पडदे ओढलेले, थंडी म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. एका कांडीने आप्पांच्या धुपाटण्याची सर कशी येणार म्हणून मी जुडगाच पेटवला. रत्नागिरीच्या घरात कौलांतून, झरोक्यांतून धूर आपला वाट काढतो. त्या घरात त्याला वाट नव्हती. शुभंकरोती संपायच्या आत छतावरच्या धुराच्या भोंग्यातून असा कर्कश आवाज सुरू झाला की मुग्धाने कान दाबून घेतले, आणि पाठोपाठ सगळी इमारत किंचाळू लागली.

तिथली शिस्त अशी, की भोंगा वाजला की सगळ्यांनी बाहेर हिरवळीवर जायचं आणि बंबवाल्यांनी सांगेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. आठ बिऱ्हाडं उन्हात उभी राहिली. कुणाच्या पायात सपाता, कुणाच्या डोक्याला टॉवेल, कुणाच्या हातात जेवणाची बशी तशीच. मी सगळ्यांची माफी मागत फिरत होतो. लाल बंब आला. हेल्मेट घातलेला उंचापुरा माणूस आत जाऊन आला आणि त्याने मला विचारलं, काय करत होता तुम्ही. माझं इंग्रजी ऐन वेळी दगा देतं. मी म्हणालो, आम्ही संध्याकाळ करत होतो. त्याने माझ्याकडे बघितलं, वर सूर्याकडे बघितलं, आणि गंभीरपणे मान हलवली. खालच्या मजल्यावरची म्हातारी, मार्गारेट, गाऊनच्या खिशात हात घालून म्हणाली की संध्याकाळ हवी असेल तर ऑगस्टपर्यंत धीर धरा बाबा, आम्ही सगळे तेच करतो. लोक हसले. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वळणावर वैशालीची गाडी दिसली. तिला दिसला असणार तो फक्त बंब, आपल्या दारात उभा. गाडी तिने रस्त्यातच सोडली, दार उघडं टाकलं, आणि त्या निळ्या गणवेशात धावत सुटली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आणि देवाने पुन्हा दाखवू नये.

मुग्धा तोवर माझा हात धरून, पायाला चिकटून उभी होती. भोंग्याने घाबरली होती, पण रडत नव्हती. तिने तो चेहरा बघितला. आणि माझा हात सुटला. म्हणजे मी सोडला नाही, तिने सोडवून घेतला. सपाता तिथेच टाकून ती त्या गार गवतावरून अनवाणी पळाली, सगळ्या माणसांमधून, आणि आईच्या अंगावर जाऊन आदळली. वैशाली गुडघ्यांवर बसली होती. मुग्धा तिच्या गळ्यात पडून जोरजोरात सांगत होती, "आई, कुणी नाही जळलं. आई, आम्ही आहोत सगळे. तू घाबरू नको." तिच्या पाठीवर थोपटत होती, मी तिला थोपटतो तशी.

मला वाटलं होतं, असं काही झालंच तर मुलगी आईच्या कुशीत शिरेल, सांत्वन मागायला. झालं उलटंच. ती सांत्वन करायला धावली होती. एवढ्याशा जिवाला हे कुठून कळतं? तीन-साडेतीन वर्षं मी ज्याला अंतर म्हणत होतो, ते त्या हिरवळीच्या रुंदीएवढंच होतं. मधे बहुधा मीच उभा होतो. आडव्या उन्हात त्या दोघींची एकच लांब सावली माझ्या पायांपर्यंत आली होती, आणि मी तिच्यावर पाय पडू नये म्हणून मागे सरकलो.

दुसऱ्या दिवशी वैशालीने वेण्या घातल्या. एक वर, एक खाली, भांग वाकडा. मी नीट करू का विचारलं तर मुग्धा म्हणाली, नको, अशाच असतात. त्याच वेण्या घालून ती दिवसभर मिरवली. मला आत कुठेतरी टोचलं, आणि ते टोचणं मी असू दिलं.

उरलेले दिवस भराभर गेले. पडद्यांचा खेळ चालूच राहिला, पण आता वैशाली येईपर्यंत संध्याकाळ थांबायची. सूर्य नाहीतरी कुठे जाणार होता. धूप मात्र पुन्हा लावला नाही.

यंदा जूनमध्ये आम्ही तिघं निघतो आहोत, आणि परत कधी यायचं ते अजून ठरवलेलं नाही. मी मोठी रजा टाकली आहे. आप्पा पावसाळ्यापुरते माझ्या बहिणीकडे संगमेश्वरला जातील. तिथे नदी आहे, समुद्र नाही, ही त्यांची आत्तापासूनची तक्रार. त्यांना असं ठेवून जाताना मला अपराधी वाटतं, ते मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुला कशाचं अपराधी वाटत नाही ते एकदा सांग, म्हणजे तेवढंच धरून बसू." एकाचं देणं देताना दुसऱ्याचं राहतंच, हे मला या वयात समजतंय. उपाय काही समजलेला नाही.

पण गेल्या वर्षीचं निघणं सांगायचं राहिलं. विमानतळावर तपासणीच्या काचेपर्यंतच वैशालीला येता येत होतं. मुग्धा शहाण्यासारखी वागली. आईला पापी दिली, हात हलवला, आपली छोटी बॅग ओढत माझ्या पुढे चालू लागली. मला वाटलं, मूल आहे, विसरेल. वळण आलं, काच दिसेनाशी झाली, आणि ती थांबली. मग तिने जो टाहो फोडला, तो मी तिच्या आयुष्यात ऐकला नव्हता. बॅग टाकून ती जमिनीवर बसली. आई, आई, एवढंच. माणसं वळून बघू लागली. पार्थने धावत जाऊन बॅग उचलली आणि तोही ओठ चावत उभा राहिला. गणवेशातली एक बाई वाकून विचारू लागली, काय झालं. मी म्हटलं, तिची आई बाहेर राहिली आहे.

एरवी मुग्धा रडली की मला सोसत नाही. चॉकलेट, गोष्ट, खोटी वचनं, काहीही देऊन मी तिला गप्प करतो. त्या दिवशी मी तिला कडेवर उचललं आणि काही म्हटलं नाही. माझा खांदा भिजत होता. रांग पुढे सरकली होती, पार्थ मला चला म्हणत होता. मी दोन पावलं उलट, वळणाच्या दिशेने गेलो आणि तिथेच उभा राहिलो. ते रडणं काचेपलीकडे वैशालीला ऐकू जावं म्हणून.